ढकलण्याचा मान

“हे तुमच्याच खात्यात येतं ना?” असं म्हणत जयसिंगरावांनी हातातल्या छडीने ऑस्टिनच्या बॉनेटवर टकटक केलं.

“साहेब, मी फिजिक्सला आहे.”

“मग ही काय हिस्ट्रीला आहे?”

खरं तर होती. कॉलेजच्या पोर्चशेजारी काचेच्या शेडमध्ये ती वर्षभर उभी असायची. बॉनेटवर झेंडूचा वाळलेला हार आणि समोर संगमरवरी पाटी. संस्थेचे संस्थापक तात्यासाहेब इंगवले याच गाडीतून खेडोपाडी फिरून शाळेसाठी मुलं गोळा करत, असं पाटीवर कोरलेलं होतं. गावातली जुनी माणसं म्हणायची, तात्यासाहेब मतं गोळा करत. पण जुन्या माणसांना संगमरवर परवडत नाही.

जयसिंगराव हे तात्यासाहेबांचे चिरंजीव आणि संस्थेचे तहहयात अध्यक्ष. मी खटावकर, दर जूनला नेमला जाणारा आणि दर एप्रिलला कमी केला जाणारा लेक्चरर. तहहयात या शब्दाचा अर्थ मला त्यांच्याकडे बघून कळायचा आणि टेंपररी या शब्दाचा माझ्याकडे बघून.

“यंदा जन्मशताब्दी आहे,” जयसिंगराव म्हणाले. “राज्यमंत्री येणार. पलीकडच्या तालुक्यातल्या त्या मंडळाची जीप बघितलीत का तुम्ही? त्यांच्या संस्थापकाची. जयंतीला भर बाजारातून स्वतः चालत जाते. हॉर्न वाजवत. आणि आपली?”

आपली ढकलत न्यावी लागे.

हे जरा नीट सांगायला हवं. तात्यासाहेबांची जयंती मार्चात. त्या सकाळी अध्यक्ष गाडीत बसून शुभहस्ते चावी फिरवत. इंजिन सुरू करायचं नसे, नुसती चावी. तिने डॅशबोर्डवर एक बारका लाल दिवा लागे. त्याला संस्थेत ज्ञानज्योत म्हणत. समई वाऱ्याने विझते, ज्ञानज्योत विझत नाही, असा हिशेब. ती भाषणं संपेपर्यंत तेवत ठेवायची हा दंडक. मग अध्यक्ष आणि पाहुणे मागच्या सीटवर बसत आणि गाडी बाजारपेठेतून तात्यासाहेबांच्या पुतळ्याकडे निघे. म्हणजे निघायला हवी. ती सुरूच होत नसे.

पहिल्या वर्षी शिपायांनी ढकलली, ती गैरसोय होती. दुसऱ्या वर्षी प्राध्यापकांनी ढकलली, ते श्रमदान झालं. मी रुजू झालो तोवर कार्यक्रमपत्रिकेत ‘रथ ढकलण्याचा मान’ असं छापून यायला लागलं होतं. डिकीचा उजवा कोपरा उपाध्यक्ष शेट्यांचा. ते कापडाचे व्यापारी, त्यांनी सभागृहाला पंखे दिले होते. डावा कोपरा प्राचार्यांचा. मडगार्डांवर पर्मनंट प्राध्यापक, सेवाज्येष्ठतेने. आम्ही टेंपररी मंडळी गटाराच्या कडेने नुसती चालायचो. चढ आला की आम्हाला बोलावलं जाई.

“यंदा गाडी स्वतःच्या चाकांवर गेली पाहिजे,” जयसिंगराव म्हणाले. “गेली, की एप्रिलच्या मीटिंगला तुमचा विषय घेतो.”

“म्हणजे पर्मनंटचा...”

“विषय घेतो म्हटलं,” ते म्हणाले, आणि छडी काखेत मारून निघून गेले.

माझ्या विषयाचं नाव वृंदा होतं. वृंदा तगारे, केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर. तीही टेंपररी, माझ्याहून जुनी. चारचौघांत ती मला सर म्हणायची आणि दोघंच असलो की तू. तिचे वडील निवृत्त पोस्टमास्तर. माणूस सज्जन होता, पण आयुष्यभर शिक्का मारल्याशिवाय काही पुढे पाठवायची सवय नव्हती. जावई पर्मनंट पाहिजे, एप्रिलपर्यंत वाट बघतो, असं त्यांनी मला दारातच सांगितलं होतं. पाटबंधारे खात्यातला एक मुलगा त्यांच्या नजरेत होता. पर्मनंट, आणि शिवाय एकुलता एक.

“काल त्या पाटबंधाऱ्याची आई आली होती,” त्या संध्याकाळी फाटकाबाहेर वृंदा म्हणाली.

“मग?”

“मग काय. पोहे केले. मुद्दाम वाईट केले. मीठच घातलं नाही.”

“शाब्बास.”

“शाब्बास कसलं? दोनदा मागून घेतले त्यांनी. त्यांना ब्लडप्रेशर आहे.”

मला त्या रात्री झोप लागली नाही आणि पुढे जयंतीपर्यंत धड लागलीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी रज्जाक मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेलो. ऑस्टिनचं सगळं तोच बघायचा. मोठा आवाज, मोठं पोट, आणि आपल्या हाताला यश आहे यावर दांडगा विश्वास. मी कामाचं सांगितलं तर त्याने माझ्याकडे दयेने बघितलं.

“मास्तर, गाडी माज्याकडं घोड्यावानी पळती. जयंतीच्या आदल्या दिवशी कारखान्यापर्यंत नेऊन आणतो, इचारा कुणाला बी. तुमच्या हातात दिली की बसती.”

“मग जयंतीनंतर काय करता?”

“कॉइल बदलतो.”

फळीवर जुन्या कॉइली रांगेने मांडून ठेवल्या होत्या. कॉइल म्हणजे ग्लासाएवढा एक पत्र्याचा डबा. आत तेलात बुडवलेले तांब्याच्या तारेचे वेढे. बॅटरीच्या बारा व्होल्टचे ती हजारो व्होल्ट करते, तेव्हा कुठे प्लगमध्ये ठिणगी पडते आणि इंजिन चालतं. फळीवरच्या सगळ्या डब्यांची डोकी तडकली होती आणि अंगाखांद्यावर तेल ओघळून काळं पडलं होतं.

“या सगळ्या जयंतीच्याच?”

“सगळ्या. एक बी मधल्या दिवसांत गेली न्हाई.”

“असं का होतं, तुम्हाला काय वाटतं?”

“वाटायचं काय त्यात? पेट्रोल. भेसळ हाय.”

“पेट्रोलने कॉइल कशी जळेल? आणि तसं असेल तर कॉइल का बदलता, पेट्रोल बदला.”

रज्जाकने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “पेट्रोल कसं बदलू मास्तर? पंप साहेबांच्या मेव्हण्याचा हाय.”

त्याने नवी कॉइल बसवलेलीच होती. मी प्रॅक्टिकलं आटोपली की शेडमध्ये जाऊन बसू लागलो. लॅबमधला मीटर नेला. कॉइलचा रोध मोजला, बरोबर. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट बघितले. हे दोन बारके संपर्क इंजिन फिरताना सारखे उघडतात आणि मिटतात. तेही स्वच्छ. कंडेन्सर बदलून बघितला, तारा हलवून बघितल्या, बॅटरी मोजली. प्लगची वायर इंजिनाजवळ धरून ठिणगी बघितली. निळी, जाड, टणटणीत. ती धरताना एकदा मला असा झटका बसला की मी तात्यासाहेबांच्या पाटीवर जाऊन आदळलो. खिडकीतून बघणाऱ्या बी.ए.च्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग वाटलं, तापल्यावर बिघडत असेल. बऱ्याच कॉइली गार असताना चालतात आणि तापल्या की मान टाकतात. म्हणून इंजिन तासभर चालू ठेवलं. काही नाही. भर दुपारी उन्हात गाडी साखर कारखान्यापर्यंत नेली, वजनकाट्याला वळसा घालून परत आणली. कॉइलवर टाकायला ओलं फडकं बरोबर घेतलं होतं, त्याने माझाच घाम पुसला. गाडी ठणठणीत होती. तिला फक्त जयंती सोसत नव्हती.

दिवस संपत आले. जयसिंगराव येता-जाता विचारत, “काय खटावकर, प्रगती?” आणि उत्तर न ऐकता पुढे जात. मी चॉकचे तुकडे करायला लागलो होतो. वर्गात लेन्सचं सूत्र लिहिता लिहिता इंजिनाची फायरिंग ऑर्डर लिहून ठेवली आणि दोन मुलांनी ती उतरवूनही घेतली.

“तू सगळं करून बघितलंस,” वृंदा म्हणाली. ती लॅब बंद करून शेडकडे आली होती, हाताला अजून अमोनियाचा वास होता. “एक सोडून.”

“काय राहिलं?”

“जयंती. जयंतीलाच मरते ना? मग जयंती करून बघ.”

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. वृंदा ड्रायव्हरच्या सीटवर बसली, पदर सारखा केला आणि दोन बोटांनी चावी धरून म्हणाली, “तात्यासाहेबांच्या पावन स्मृतीस अभिवादन करून मी ज्ञानज्योत प्रज्वलित झाल्याचे जाहीर करते.” लाल दिवा लागला.

“आता बोल,” मी बॉनेट उघडून म्हटलं.

“काय बोलू?”

“भाषण. अध्यक्षांचं.”

“व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर उन्हात बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,” वृंदाने घसा खाकरला. “तात्यासाहेबांनी ज्ञानाची गंगा आपल्या बांधापर्यंत आणली. ती पुढे शेतात का गेली नाही, हा पाटबंधारे खात्याचा प्रश्न आहे...”

मी कॉइलवर हात ठेवून उभा होतो. जयसिंगरावांच्या बालपणापर्यंत ती कोमट होती. तात्यासाहेब तुरुंगात गेले तेव्हा गरम. “आता शेट्यांचं मनोगत,” मी म्हटलं, आणि वृंदाने सभागृहाच्या पंख्यांची माहिती द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या पंख्याला मी हात झटकन काढून घेतला.

“काय झालं?”

“थांबू नकोस. बोल.”

“आता काय बोलू? पंखे संपले.”

“पाहुणे बोलतील.”

पाहुण्यांनी नुकतं कुठे ग्रामीण भागाबद्दल बोलायला घेतलं होतं, तेवढ्यात गरम तेलाचा वास आला. मी धावत जाऊन चावी बंद केली. कॉइलवर पाण्याचा थेंब टाकला तर तो चुरकन उडाला.

“सापडलं,” मी म्हटलं आणि बंपरवर बसलो. “इंजिन चालू असलं की पॉइंट उघडझाप करतात. करंट येतो, तुटतो, येतो, तुटतो. कॉइलला दम खायला मिळतो. इंजिन बंद ठेवून नुसती चावी चालू ठेवली, आणि पॉइंट मिटलेले राहिले, तर करंट तुटतच नाही. काम काही नाही, नुसतं तापत बसायचं. भाषणं संपेपर्यंत ती आतून जळून जाते.”

वृंदा गाडीतून उतरली.

“म्हणजे इतकी वर्षं हे लोक हिला आधी मारून मग ढकलत होते.”

“पेट्रोलला दोष देत.”

“मग जाऊन सांग साहेबांना. चावी भाषणांनंतर फिरवा म्हणावं.”

सांगितलं. जयसिंगरावांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकलं. ते एकदाच घडलं, म्हणून लक्षात आहे.

“भाषणं आधी आणि ज्योत नंतर?” ते म्हणाले. “मग काय पाहुण्यांनी अंधारात बोलायचं?”

कार्यक्रम सकाळचा, उघड्या मैदानात, मार्चच्या उन्हात होता. मी म्हटलं, “बरोबर आहे साहेब.”

तोड वृंदानेच काढली. दिव्याची तार वेगळी, कॉइलची वेगळी. कॉइलच्या तारेत मध्येच एक खटका बसवायचा. खटका खाली असला की चावी चालू, ज्योत चालू, आणि कॉइल मात्र आरामात. तिने केमिस्ट्री लॅबच्या मोडक्या ओव्हनचा खटका काढून आणला. मी तो स्टिअरिंगखाली, कोणाला दिसणार नाही असा बसवला. गाडी कोणी चालवायची हा प्रश्न होता. रज्जाकने हात वर केले. “चालली तर नाव तुमचं, बसली तर माजं. तुमीच बसा, मास्तर.”

जयंतीला मंत्री उशिरा आले. मी पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगमागे बसलो होतो, आणि समोर ज्ञानज्योत तेवत होती. जयसिंगरावांनी शुभहस्ते चावी फिरवताना माझ्याकडे असं बघितलं की मी दोनदा खटका चाचपला. खालीच होता. तरी पंख्यांचा उल्लेख सुरू झाला तेव्हा माझ्या मनात आलं, तार कुठे चिकटली तर? ओव्हनचाच खटका, तापायची सवय असलेला. बॉनेट उघडून बघायची सोय नव्हती. त्यावर हारांचा ढीग आणि हारांवर प्राचार्यांची नजर. मी नाकाने वास घेत बसलो. अत्तर, झेंडू, घाम. तेल नाही. मांडवात प्राध्यापकांच्या रांगेमागे वृंदा उभी होती. शेजारी तिचे वडील. मुलीच्या कॉलेजचा कार्यक्रम म्हणून आले होते, असं त्यांनी सांगितलं असेल. ते माझ्याकडे बघत होते, पार्सलचं वजन करताना बघावं तसं.

भाषणं संपली. लोक सवयीने आपापल्या जागी आले. शेट्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून नोकराकडे दिलं, बाह्या वर केल्या आणि डिकीचा उजवा कोपरा पकडला. प्राचार्यांनी डावा. जयसिंगराव आणि राज्यमंत्री मागे बसले.

मी खटका वर केला आणि स्टार्टर दाबला.

इंजिन पहिल्या झटक्याला लागलं.

टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं. कोणीच काही केलं नाही. बँडवाल्याने क्लॅरिनेट तोंडाजवळ नेलं होतं, ते तिथेच राहिलं. मी गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी हातांखालून निघून गेली. आरशात बघितलं तर शेटे अजून वाकलेले होते, हात पुढे, समोर काही नाही.

“अरे वा!” मंत्री म्हणाले. “छान पळते की. मला पुढे दोन भूमिपूजनं आहेत, बरं झालं.”

पहिल्या गिअरमध्येही ऑस्टिन माणसापेक्षा वेगात जाते. पुढचा बँड बाजूला झाला. मागून पळत येणाऱ्यांचे आवाज आधी जवळ होते, मग लांब गेले, मग थांबले. आम्ही बाजारपेठेत शिरलो. एरवी या दिवशी दुकानदार पायऱ्या उतरून खाली येत, मागच्यांना बळ म्हणून एक हात गाडीला लावत आणि आत बघून नमस्कार करत. आज एका सोनाराने मान वर करून बघितलं आणि पुन्हा तराजूत घातली. त्याचा काय दोष? गाडी आली, गाडी गेली. गावात गाड्या रोजच जायच्या.

जयसिंगरावांनी हात जोडून खिडकीबाहेर धरले होते. थोड्या वेळाने ते आत घेतले.

“खटावकर, हळू.”

“पहिलाच गिअर आहे साहेब.”

“आणखी हळू.”

“याच्या खाली थांबणंच आहे.”

ते मागच्या काचेतून बघायला वळले. “शेटे कुठे आहेत?”

“मागे आहेत.”

“किती मागे?”

“पिठाच्या गिरणीपाशी. पायरीवर बसलेत.”

आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्यामागे रिकामा रस्ता. तेव्हा मला उशिराने जे कळलं ते कॉइलपेक्षा साधं होतं. पंखे देणारे, पंप चालवणारे, प्राचार्य, प्राध्यापक, गावात ज्यांना मान होता ते सगळे वर्षातून एक दिवस या माणसाच्या पाठीशी कमरेत वाकत. आज त्यांना वाकायला मी काही ठेवलं नव्हतं.

“बंद करा,” जयसिंगराव पुढे झुकून हलक्या आवाजात म्हणाले.

“चालतेय साहेब.”

“दिसतंय मला. बंद करा. काहीतरी झालं म्हणा.”

“काय झालं म्हणू?”

“तुम्ही फिजिक्सचे ना? सुचवा काहीतरी.”

माझा डावा हात खटक्यापाशी होता. मी तो तिथेच ठेवला.

“साहेब, गाडी चालली की माझा विषय, असं ठरलं होतं. बंद पडली तर?”

“तरी घेऊ.”

“घेऊ की मंजूर करू?”

“खटावकर!”

मी पाय किंचित दाबला. ऑस्टिन खूश होऊन पुढे सरकली. पुतळ्याचा चौक दिसायला लागला. तिथे काही शाळकरी मुलं आणि एक गाय सोडली तर कोणी नव्हतं. सगळे स्वागताला गाडीच्या मागून येणार होते.

“काय विषय आहे?” मंत्र्यांनी विचारलं.

“काही नाही, यांना पर्मनंट करायचंय,” जयसिंगराव म्हणाले.

“मग करा की. एवढी चांगली गाडी चालवतात. ड्रायव्हरला पर्मनंट करायला कसली मीटिंग लागते?”

मी ड्रायव्हर नाही हे सांगायची ती वेळ नव्हती. जयसिंगरावांनाही तसंच वाटलं असावं.

“करतो,” ते म्हणाले. “दिला शब्द.”

“पाहुण्यांच्या साक्षीने?”

“साक्षीने! आता बंद करा!”

मी खटका खाली केला. इंजिन एकदा दचकलं आणि बांगड्यांच्या दुकानासमोर गप्प झालं.

मागून असा जल्लोष उठला की मला वाटलं, तात्यासाहेब स्वतः आले. बँड सुरू झाला. शेटे गिरणीपासून पळत आले. त्या वयात त्यांना कोणी पळताना बघितलं नव्हतं. “मी म्हटलं नव्हतं?” ते धापा टाकत सगळ्यांना सांगत होते. “म्हटलं होतं, बसणार म्हणून! जाते कुठे!” त्यांनी आपला कोपरा पकडला. प्राचार्यांनी आपला. हात आले, मडगार्डं भरली, सोनार तराजू टाकून उतरला. गाडी हलली. जयसिंगराव सीटवर रेलले आणि त्यांनी पुन्हा हात जोडून बाहेर काढले. मंत्री घड्याळ बघत होते.

चौकाआधी थोडा चढ आहे. टेंपररी लोकांना हाक गेली. माझ्या बाजूच्या दारावर एक हात पडला, अमोनियाचा वास.

“सर, काय झालं?” वृंदा धापा टाकत म्हणाली. “कॉइल गेली?”

“कॉइल गार आहे.”

“मग?”

“मीच बंद केली,” मी कुजबुजलो. “साहेबांनी शब्द दिलाय. मंत्र्यांसमोर. पर्मनंट.”

तिचा चेहरा फुलला. ती ढकलत चार पावलं चालली. मग हात दारावर तसाच ठेवून तिने ढकलायचं थांबवलं.

“कोणाला?”

“म्हणजे काय? मला.”

“आणि मला?”

मी समोर रस्त्याकडे बघितलं. रस्ता सरळ होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

“अगं, तुझ्या बाबांनी माझी ऑर्डर मागितली होती.”

“बाबांना तुझी पाहिजे,” वृंदा म्हणाली. भर बाजारात, अख्ख्या स्टाफदेखत तिने मला पहिल्यांदा तू म्हटलं होतं, आणि तिच्या ते ध्यानातही नव्हतं. “मला माझी पाहिजे. मी तुझ्याआधीपासून या गाडीच्या गटाराच्या बाजूने चालतेय. खटका कोणी आणला?”

“तू.”

“जयंती कोणी केली?”

“तू. पण आता बंद पडलीय, वृंदा. आता काय करू?”

“ते तू बघ,” ती म्हणाली आणि दारावरचा हात काढून घेतला.

तिच्या मागच्या दोन टेंपररी बायकांनीही, का ते न कळता, हात काढले. गाडी चढावर जड झाली. मागे शेटे कण्हले. मी आरशात बघितलं. जयसिंगराव सोनाराचा नमस्कार स्वीकारत होते. इतका समाधानी माणूस मी त्यानंतर फार कमी वेळा पाहिला आहे.

मी खटका वर केला. दुसरा गिअर टाकला. मागून ढकलणाऱ्यांनी चढासाठी सगळा जोर एकवटला, तेवढ्यात क्लच सोडला.

ऑस्टिनने एक आचका दिला आणि ती गुरगुरत सुरू झाली. बँड परत थांबला. सबंध बाजारपेठ वाकलेली, हात पुढे, आणि मध्ये वाढत जाणारा रिकामा रस्ता.

“आता काय झालं?” जयसिंगराव ओरडले. “खटावकर! शब्द दिला ना तुम्हाला?”

“दिला साहेब,” मी आरशात बघत म्हटलं. “केमिस्ट्रीचा एक विषय राहिलाय.”